बारा पंचवीसची थाप

मित्रांनो, मी एक जुनं मनगटी घड्याळ आहे. काच ओरखडलेली, पट्टा चौथा, पण चाल मात्र पहिल्या दिवसाची. रोज सकाळी मला चावी लागते. सेलवर चालणाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बफलो शहरातल्या बोलेक झारेम्बा नावाच्या रेल्वेच्या गार्डाने मला एकसष्ट साली विकत घेतलं. त्या काळी रेल्वेत दर पंधरा दिवसांनी गार्डाचं घड्याळ तपासत. आठवड्यात तीस सेकंदांपेक्षा जास्त इकडेतिकडे झालं की घड्याळ नापास. सत्तावीस वर्षांत मी एकदाही नापास झालो नाही. फलाटावर लोक स्टेशनातल्या मोठ्या घड्याळाकडे बघायचे आणि मग खात्री करायला बोलेकच्या मनगटाकडे. मला त्याचा गर्व होता, आहे, आणि तो मी सोडणार नाही.

मग बोलेक निवृत्त झाला आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. शेजारी रबरबँड, वाळलेलं पेन आणि कुठल्या तरी चर्चच्या सोडतीची तिकिटं. पाच वर्षं मी बंद होतो. बंद घड्याळाला वेळ कळत नाही म्हणतात. साफ खोटं, सगळं कळतं.

मला बाहेर काढलं ते बोलेकच्या मुलीसाठी, थेक्लासाठी. थेक्ला छत्तीस वर्षांची. घरमालकांनी छळलेल्या भाडेकरूंना फुकट मदत करणाऱ्या एका कचेरीत ती टायपिंग करायची. "भांडते मी, सही करतो वकील," असं ती नऊ वर्षं म्हणत होती. शेवटी तिने ठरवलं की सहीसुद्धा आपणच करायची. शहरातल्या लॉ स्कूलचा संध्याकाळचा वर्ग होता, नोकरी सांभाळून शिकता येईल असा. पण तो वर्ग यंदा शेवटचा भरणार होता. पुढच्या वर्षापासून दिवसाचाच वर्ग, आणि दिवसाची नोकरी सोडणं थेक्लाला परवडणार नव्हतं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

डिसेंबरात ती प्रवेश परीक्षेला बसली आणि दारातच घात झाला. तिचं ते टुंई टुंई वाजणारं आकड्यांचं घड्याळ दारावरच्या पर्यवेक्षक बाईंनी काढून घेतलं. काट्यांचं असेल तरच आत, असा नियम. हॉलमध्ये भिंतीवर घड्याळ नव्हतं. प्रत्येक भागाला पस्तीस मिनिटं, आणि प्रत्येक भागात तिचे पाच-सहा प्रश्न कोरेच राहिले. गुण आले एकशे एकोणपन्नास. शाळेला हवे होते एकशे पंचावन्नच्या आसपास. आता फेब्रुवारीची एकच परीक्षा उरली होती.

बोलेकने ड्रॉवर उघडला, मला कानाशी धरून चावी दिली आणि म्हणाला, "घे पोरी. हे कधी चुकत नाही."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं म्हणून सांगू. माझी नुसती टिकटिक सुरू झाली नाही, मी अगदी मोहरून गेलो.

पण आनंद चार दिवसही टिकला नाही. कचेरीतल्या कुणीतरी थेक्लाला एक युक्ती शिकवली. प्रत्येक भाग सुरू होताना घड्याळ बारा पंचवीसवर लावायचं. मग भाग संपतो बरोबर एकला. हिशेब करायला नको, मोठा काटा वर आला की पेन्सिल खाली. झालं. ज्याने सत्तावीस वर्षं सेकंदाची थाप मारली नाही, त्याला ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर रोज चार-चार वेळा खोट्यात पाडू लागली.

बोलेकलाही ते बघवेना. "अगं, या घड्याळाला मी कधी खोटं बोलायला लावलं नाही."

"बाबा, पस्तीस मिनिटांपुरतंच बोलतंय. तुमचा तो लेओन काका गेली चाळीस वर्षं बोलतोय, त्याला तुम्ही जेवायला बोलावता."

बोलेक हसला. मीही चालत राहिलो. काय करणार, युक्तीच तशी चोख होती. तिसऱ्या आठवड्यात थेक्लाचा एकही प्रश्न कोरा राहिना.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगतो. लपवणं माझ्या स्वभावात नाही.

थेक्लाचा अर्ज शाळेत जाऊन पडला होता, जुन्या गुणांसकट. शाळेतून पत्र आलं होतं की नवे गुण येईपर्यंत अर्ज थांबवायचा असेल तर तसं लेखी कळवा, आणि ते परीक्षेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत शाळेच्या कचेरीत आलं पाहिजे. नाहीतर जुन्या गुणांवरच निकाल. थेक्लाने चिठ्ठी लिहून पिशवीत ठेवली. शुक्रवारी ती सुट्टीवर होती. शेवटचा सराव करायचा आणि तीनच्या सुमाराला गाडीने जाऊन चिठ्ठी द्यायची, असा बेत.

जेवण झाल्यावर ती बसली. भाग पहिला, बारा पंचवीस. भाग दुसरा, पुन्हा बारा पंचवीस. असे पाच भाग झाले, मधल्या वेळात चहा झाला, आधीच्या चुका तपासून झाल्या. शेवटी तिने माझ्याकडे पाहिलं. मी दाखवत होतो एक वाजून तीन मिनिटं. शेगडीवरचं घड्याळ तर वीज गेल्या दिवसापासून बारावरच लुकलुकत होतं.

"एकच वाजलाय," प्रश्नांत बुडालेली ती म्हणाली आणि सहावा भाग काढला.

एवढ्यात बोलेक आला, बूट आपटून बर्फ झाडत. हातात शुक्रवारच्या तळलेल्या माशांची पुडी. कोपऱ्यावरचा खाणावळवाला चारच्या आधी कढईच चढवत नाही. बोलेकने पुडी ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आज मासे भलतेच लवकर तळले."

मित्रांनो, मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. अहो, स्वतःच्या पोटापेक्षा त्याचा माझ्यावर विश्वास जास्त होता.

तेवढ्यात लांबून फाटकावरची शिट्टी ऐकू आली. बोलेकचा हात पुडीवरच थांबला.

"ही चार छत्तीसची मालगाडी."

"बाबा, एक वाजलाय."

"मग एकतर मालगाडी साडेतीन तास लवकर आली, नाहीतर तुझं घड्याळ खोटं बोलतंय. आणि मालगाडी लवकर आल्याचं मी जन्मात ऐकलेलं नाही. चिठ्ठी दिलीस का गं?"

थेक्लाचा चेहरा मी त्यानंतर कधी तसा पाहिला नाही. दोघं अंगावर कोट चढवत पळाले. गाडी बोलेकने चालवली, जन्मभर रुळांवर फिरलेल्या माणसाने चालवावी तशी, वळणांची फिकीर न करता. शाळेच्या दारात थेक्ला बर्फात एकदा घसरली, उठली आणि धावली.

कचेरीतल्या बाई, मिसेस दुबॉइस, गळ्याभोवती मफलर गुंडाळत होत्या. चिठ्ठी त्यांनी हातात घेतली, वेळ उमटवणाऱ्या यंत्राखाली सरकवली आणि खटका दाबला. चार सत्तावन्न.

"तीन मिनिटं शिल्लक ठेवलीत," त्या म्हणाल्या. "बरेच जण तेवढीही ठेवत नाहीत. घरी जा आणि झोपा."

घरासमोर गाडी थांबली. मग बोलेकने मला हातात घेतलं, रेडिओवरच्या वेळेशी जुळवलं आणि लेकीला म्हणाला, "उद्या हवं तितकं खोटं बोलायला लाव. पण प्रत्येक वेळी संपलं की लगेच खरं कर."

गार झालेले मासे दोघांनी उभ्यानेच खाल्ले.

शनिवारी मी थेक्लाच्या बाकावर होतो. तिने मला पाच वेळा बारा पंचवीस केलं, आणि आधीच्या वेळेत पस्तीस मिनिटं मिळवून पाच वेळा खरं केलं. तिसऱ्या भागात तिची पेन्सिल एका प्रश्नावर अडली, तिने माझ्याकडे पाहिलं, चार मिनिटं उरली होती, तो प्रश्न सोडून ती पुढे गेली आणि शेवटी परत येऊन तो सोडवलासुद्धा. शेजारचा माणूस घड्याळाविना आला होता आणि सारखा तिच्या मनगटाकडे डोकावत होता. डोकावू दे म्हटलं, मला सवय आहे.

मार्चअखेर गुण आले. एकशे अठ्ठावन्न. एप्रिलात शाळेचं पाकीट आलं, चांगलं जाडजूड. थेक्लाने ते फोडलं नाही, बापाच्या हातात दिलं. बोलेकने चष्मा लावला, घसा खाकरला आणि मोठ्या आवाजात वाचायला लागला. पहिल्या ओळीतच "आनंद होतो" असे शब्द आले आणि त्याच्याच्याने पुढचं वाचवेना. उरलेलं पत्र थेक्लाने वाचलं, रडत आणि हसत.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी ड्रॉवरमध्ये पडलेलं असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, चावी द्या आणि कामाला लावा. कामात आमच्या हातून चूक होते, माझ्याही हातून झाली आणि एका पोरीची एकुलती संधी जाता जाता राहिली. पण पाच वर्षं रबरबँडांच्या शेजारी पडून होतो, तेव्हा माझ्या हातून एकही चूक झाली नाही, आणि कुणी वकीलही झालं नाही.