फिजीचं वल्कल मुलुंडला भिजलं

मित्रांनो, मला पाहून तुम्ही कापडच म्हणाल. पण माझ्यात सुताचा एक धागाही नाही. मी तुतीच्या जातीतल्या एका झाडाची जुनी साल आहे. पोथीतले ऋषी वल्कलं नेसत, हे तुम्ही घरी ऐकलं असेल. मी त्यातलीच समजा. समुद्रापलीकडे फिजी नावाचा बेटांचा देश आहे. तिथे मला मासी म्हणतात. लग्नात मला नेसतात, बाळाखाली अंथरतात, आणि माणूस गेलं की त्याला माझ्यात गुंडाळून निरोप देतात.

मला ठोकून ठोकून घडवलं. लितिया नावाच्या मुलीच्या मावशीने कोवळी साल सोलली, पाण्यात भिजवली आणि ओंडक्यावर ठेवून लाकडी दांड्याने चार दिवस बडवली. वीतभर साल हातभर रुंद झाली. अशा पट्ट्या जोडून माझं अंग तयार झालं. मग काजळीच्या काळ्या आणि मातीच्या तांबड्या रंगाने तिने माझ्यावर नक्षी काढली. पाण्यात भिजूनच मी घडले खरी, पण एकदा वाळल्यावर मला पाणी सोसत नाही. तुमची वही कुठे सोसते?

लितिया मोठी होऊन नर्स झाली. बेटाबेटांवर होडीने जायची. एकदा एका बाळंतिणीला होडी वेळेवर मिळाली नाही. त्या दिवसापासून लितियाने सभेत उभं राहून बोलायला सुरुवात केली, आणि लोकांनी तिला निवडून राजधानीत पाठवलं. सुवा शहरात तिने पहिली शपथ घेतली, तेव्हा तिच्या अंगावर मी होते. सभागृहात तिच्या शेजारी रग्बी खेळून नाव कमावलेला एक धिप्पाड गृहस्थ होता, आणि मागे ऊस तोडायला आलेल्या हिंदुस्थानी माणसाचा नातू. मोठी माणसं मोठ्या आवाजात बोलतात असं मला तोवर वाटायचं. लितिया हळू बोलायची. पण होडीचं नाव काढल्याशिवाय खाली बसायची नाही. अखेर बेटांवर फिरणारा होडीतला दवाखाना सुरू झाला आणि वर्तमानपत्रात आम्हा दोघींचा फोटो आला.

पुढच्या निवडणुकीत ती हरली. मी चार वर्षं पेटीत पडून होते. एका झुरळाने माझा कोपरा कुरतडला. वाईट वाटायचं, पण रुसून बसायला पेटीत जागाही नव्हती.

मग ती पुन्हा निवडून आली. आता ती आरोग्यमंत्री होणार होती. तेवढ्यात डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची एक झडप बदलावी लागेल, आणि ते ऑपरेशन मुंबईला होईल. पंतप्रधानांनी ते खातं तिच्यासाठी राखून ठेवलं. लितियाने मला पिशवीत घातलं आणि भावाला सांगितलं, "परत आले तर हीच नेसून शपथ घेईन. नाही आले तर मला हिच्यातच गुंडाळून गावी ने."

मित्रांनो, एवढं मोठं काम माझ्यावर कुणी कधी सोपवलं नव्हतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. आठवड्याने सोबत आलेला भाऊ फिजीला कामावर परत गेला. लितियाला चार आठवडे मुंबईतच विश्रांती घ्यायची होती. तिच्या वॉर्डातली नर्स रुचिरा तिला म्हणाली, "आमच्या घरी एक खोली आहे. माझ्या सासूबाई पेशंटला ठेवून घेतात. जेवण मात्र बिनकांद्याचं मिळेल, चालेल ना?"

अशी मी मुलुंडला आले.

रुचिराच्या सासूबाई म्हणजे प्रेमाताई. चातुर्मासात त्यांचा नेम होता. सकाळी आंघोळीपासून पोथी आणि आरती होईपर्यंत मौन. आम्ही पोचलो तेव्हा त्या पाटावर बसलेल्या होत्या. रुचिराने लितियाला आतल्या खोलीत झोपवलं आणि म्हणाली, "आई, हॉस्पिटलच्या दोन्ही पिशव्या बाथरूममध्ये ठेवल्यात. मला ड्यूटीला पळायचंय." प्रेमाताईंनी मान हलवली.

त्या घरात दवाखान्यातून आलेला कपडा पाण्यातून काढल्याशिवाय आत येत नसे. अध्याय संपवून प्रेमाताई उठल्या. आरती अजून राहिली होती, म्हणून मौन सुटलं नव्हतं. त्यांनी लितियाचे गाऊन भिजवले, टॉवेल भिजवला. मग मी हाताला लागले. माझा कडकपणा त्यांना वेगळा वाटला असावा. मला घेऊन त्या आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या. लितिया गाढ झोपली होती. तिला उठवायचं जिवावर आलं, आणि बोलून कुणाला विचारता येत नव्हतं. त्या परत फिरल्या. मी बादलीत गेले.

काय सांगू मित्रांनो, क्षणात माझा सगळा ताठा गेला. जोड सुटू लागले. प्रेमाताईंनी मला पिळायला घेतलं आणि मी मधोमध फाटले. नेसल्यावर जो भाग छातीवर येतो, नेमकी तिथेच हातभर चीर गेली.

त्यांनी हात आखडले. मला परातीत पसरून त्या कपाटापर्यंत गेल्या. कपाटाचं दारही उघडलं. मग ते लावलं, देवापुढे आरती उरकली आणि परात घेऊन लितियाच्या खाटेजवळ जाऊन बसल्या. लितिया ऊस तोडणाऱ्या हिंदुस्थानी लोकांच्या वस्तीत वाढल्याने तिला तिथली हिंदी यायची, आणि प्रेमाताईंना मुंबईची. त्या दोन हिंदींमधून दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं.

"ताई, माझ्या हातून तुमचं हे फाटलं," त्या म्हणाल्या. "मी न विचारता भिजवलं."

लितियाने माझ्यावर हात ठेवला. मग तिने मी कशासाठी बरोबर आले होते ते सांगितलं. ऐकता ऐकता प्रेमाताईंचा चेहरा उतरला.

"हे नीट होईस्तोवर मी अन्न घेणार नाही," त्या म्हणाल्या.

"दीदी, मी वीस वर्षं नर्स होते. उपास केल्याने कापड सुकलेलं मी पाहिलं नाही. तू जेव. तू आजारी पडलीस तर मला कोण वाढेल?"

संध्याकाळी रुचिरा घरी आली. "आई, पिशवीतल्या या कापडाचं तुम्हाला मी सांगायला हवं होतं. पळायच्या गडबडीत राहिलं."

"असू दे गं. आधी पुढचं बघ."

लितिया म्हणाली की त्यांच्या गावी फाटलेल्या मासीला ठिगळ लावतात. ते चिकटवायला तवियोका नावाच्या कंदाची खळ लागते. "पण तो कंद इथे कुठे मिळणार?"

रुचिराने मोबाइलवर पाहिलं आणि हसली. "आई, याचाच साबुदाणा करतात."

"साबुदाणा?" प्रेमाताई उठल्याच. "अगं, दोन किलो आहे घरात. एकादशीला आणला होता."

पण खळ किती दाट करायची हे कुणाला माहीत नव्हतं. म्हणून तळमजल्यावरच्या अंबादासकाकांना बोलावलं. त्यांचं आयुष्य छापखान्यात पुस्तकं बांधण्यात गेलं होतं. त्यांनी चष्मा पुसून मला खालीवर पाहिलं.

"वहिनी, तुम्ही सोवळं सांभाळता सांभाळता बाईंच्या कापडाची वाट लावलीत."

"लावली खरी. आता तुम्ही वाट दाखवा."

"खळ दाट हवी. पातळ लावलीत तर हे पुन्हा भिजेल. आणि त्यात चिमूटभर मोरचूद टाका, म्हणजे कसर लागणार नाही."

"मोरचूद विषारी असतं. माझ्या उपासाच्या पातेल्यात नाही टाकायचं."

"मग वाटी माझी. पण मोरचूद पडणार."

माझ्या एका काठाची अरुंद पट्टी कापून तिचंच ठिगळ केलं. लितिया उशीला टेकून सांगत होती, प्रेमाताई बोटाने खळ लावत होत्या, आणि काका "दाबा, दाबा, कडेला दाबा" म्हणत होते. बाहेर श्रावणाची झड लागली होती. उन्हाचा पत्ता नव्हता. प्रेमाताईंना त्याचीच काळजी लागली.

"ऊन नको म्हणा," काका म्हणाले. "उन्हात हे पापडासारखं वाकडं होईल. पंख्याखाली सावकाश सुकू द्या." त्यांनी मला वर्तमानपत्रांच्या घड्यांत ठेवलं आणि वर आपल्याकडच्या जड फळ्या रचल्या. कागद ओले झाले की प्रेमाताई बदलायच्या, दिवसातून सहा-सहा वेळा. चौथ्या दिवशी फळ्या काढल्या. ठिगळ धरलं होतं. मोरचुदामुळे त्याला किंचित निळसर झाक आली होती. लपण्यासारखं ते नव्हतंच.

पुढचे दिवस सुखात गेले. मी घडी घालून लितियाच्या उशाशी असायची. ती प्रेमाताईंबरोबर गॅलरीत बसून भाजी निवडायची आणि होडीच्या दवाखान्याच्या गोष्टी सांगायची. प्रेमाताई तिला अळणी वरण वाढायच्या आणि नाक मुरडलं तर रागवायच्या. फिजीच्या होणाऱ्या आरोग्यमंत्री निमूटपणे जेवायच्या.

आम्ही सुवाला परतलो. शपथेच्या सकाळी एक तरुण अधिकारी नवीकोरी मासी घेऊन आला. "मॅडम, ही नेसा. त्या जुन्या मासीवर ठिगळ आहे. कॅमेऱ्यात दिसेल."

लितियाने गळ्याशी बोट नेलं. ऑपरेशनच्या व्रणाचं वरचं टोक तिथे दिसत होतं.

"दिसू दे. हेही दिसतंच आहे. दोन्ही मुंबईला सांधून घेतलीत."

ती मला नेसली. तिने छातीवर ठिगळ नीट बसवलं आणि नेहमीच्या हळू आवाजात शपथ घेतली. माझ्याआडून मला तिच्या नव्या झडपेची टिकटिक ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी रुचिराचा निरोप आला. लितियाने तो हसत हसत मोठ्याने वाचला. "आईंनी फोटो अख्ख्या बिल्डिंगला दाखवला. त्या विचारताहेत, आता तरी वरणात मीठ कमी खाता ना? आणि अंबादासकाका म्हणतात, मोरचूद त्यांचं होतं, हे तुमच्या सरकारला कळवा."

मित्रांनो, मी आता लितियाच्या घरी कोरड्या फळीवर सुखाने असते. माझं एवढंच मागणं आहे. कुणाची वस्तू तुमच्या हाती आली, तर तिला काय सोसतं आणि काय सोसत नाही, ते आधी विचारा. प्रेमाताईंनी मला चांगल्या मनाने स्वच्छ करायला घेतलं होतं, तरी मी फाटलेच. आणि हातून चूक झाली, तर वस्तू ज्याची आहे त्याच्यापुढे नेऊन ठेवा. त्या सकाळी मला ओलीच कपाटात सारली असती, तर मी तिथेच कुजून गेले असते, आणि ठिगळ लावायलाही काही उरलं नसतं.