बाथरूमच्या दारावरचा बेस

मामाला बँडमधून काढून टाकलं. पण तसं काही घडलेलंच नाही असं धरून पुढे जाऊ, कारण मामाही तसंच धरून चाललाय.

मामा बेस वाजवतो. बेस म्हणजे चार जाड तारांचं गिटार. वाजत असतं तेव्हा कुणी ढुंकून बघत नाही. थांबलं की गाण्याच्या पायाखालची जमीन सरकते. उभा जन्म तो ड्रमरच्या झांजांशेजारी उभा राहिला. झांजांनी आधी त्याचा एक कान खाल्ला, मग दुसरा. हे फक्त मामीला आणि मला ठाऊक. बँडला कळलं असतं तर त्याच दिवशी नारळ मिळाला असता.

मामाने तोड काढली. बूट काढून वाजवायचं. स्टेज लाकडी असलं की ड्रमचा ठोका तळपायातून वर चढतो. पुढे सिमेंटची स्टेजं आली, तेव्हा त्याने घरच्या बाथरूमचं दार बिजागऱ्यांतून उचकटलं. ते स्टेजवर आडवं टाकायचं, एका टोकावर ड्रम, दुसऱ्यावर अनवाणी मामा. लोकांना वाटलं, स्टाईल आहे. काही चाहते आपापली दारं घेऊन आले. मामी पडद्यामागे अंघोळ करत राहिली आणि शेजारणींना सांगत राहिली की घरात हवा खेळती हवी.

सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाला आगीच्या बंदोबस्तावरच्या माणसाने दार जप्त केलं. त्याचं म्हणणं, भिंतीत असेल तर दार, नसेल तर सरपण. मामा नुसत्या सिमेंटवर उभा राहिला आणि ड्रमरच्या काठ्यांकडे बघत निभावून नेऊ लागला. शेवटच्या गाण्याला त्याच माणसाच्या परवानगीने स्टेजवर धूर सोडला. काठ्या दिसेनात. गाणं संपलं. मामा वाजवतच राहिला. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग हसले, मग घरी गेले.

गायक मामाचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने टॉवेलात तोंड खुपसून, रडत रडत मामाला काढून टाकलं. टॉवेलामुळे मामाला ओठ वाचता येईनात. तो मान डोलवत राहिला आणि शेवटी दोस्ताची पाठ थोपटून म्हणाला, "होतं रे असं. उद्या लागेल तुझा सूर."

दुसऱ्या दिवशी मामा तालमीला हजर. पुन्हा काढला, पुन्हा हजर. शेवटी त्यांनी तालमीच्या खोलीचं कुलूप बदललं. खोलीची लाकडी जमीन बाहेर बोळापर्यंत येते, म्हणून मामा बोळात अनवाणी उभा राहून वाजवू लागला.

मी मामीला म्हटलं, आता त्याला सांगून टाकू.

"काय सांगणार?" मामी म्हणाली. "सगळं कळलंय त्याला. काल म्हणाला, ऐकू येत नाही, त्याचा एवढा तरी फायदा होऊ दे."

गेल्या आठवड्यात बँडने ती खोलीही सोडली. मामा रोज जातो. मी खुणेने विचारलं, ठोका येतो का? तो म्हणाला, "येतोय की."

मग मीच एक अर्ज लिहिला: सबब, संबंधितांस विनंती करण्यात येते की, सदर कार्यक्रमातील शेवटचे गाणे अद्याप संपलेले नसल्याची नोंद घ्यावी, व घरी गेलेल्या सर्व श्रोत्यांना आपापल्या जागी परत आणून बसविण्यात यावे.