दोरा विरघळल्यावर

सोफे शिवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि कोणाला ते माहीत नसलंच तर तो स्वतः सांगायचा. त्यामुळे बायकोच्या दंडांवरची सैल कातडी कापून घट्ट करायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंना चार गोष्टी शिकवायला तोही बरोबर गेला.

बायको शाळेत गणित शिकवायची. दोन वर्षांत तिने चाळीस किलो वजन उतरवलं. चरबी गेली, पण दंडांची कातडी तशीच लोंबत राहिली. फळ्यावर हात वर केला की ती हलायची आणि मागच्या बाकांवर खसखस पिकायची. जिच्या नुसत्या पावलांनी वर्ग चिडीचूप व्हायचा, ती आता वाकून फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहायची. हे त्याला वर्षभराने कळलं, तेही शाळेच्या शिपायाकडून. त्या दिवशी त्याला स्वतःची फार लाज वाटली.

डॉक्टरीणबाईंनी बायकोला उभं करून हात आडवे धरायला लावले, कातडी चिमटीत धरून पाहिली आणि निळ्या पेनाने खुणा केल्या.

"काखेचा कोपरा कसा काढणार?" त्याने विचारलं. "तिथे कापड ताणलं की फाटतंच. आणि शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीची माया सोडा हो."

"अहो, गप्प बसा ना!" बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "तिथे शिवण सरळ नेत नाही मी. अशी नागमोडी वळवते, म्हणजे हात वर जायला जागा राहते." त्यांनी काखेत पेनाने वळण काढून दाखवलं. तीस वर्षांत असा कोपरा त्याला सुचला नव्हता. त्याने ते वळण बोटाने हवेत गिरवून पाहिलं, आणि ते बायकोने बरोबर टिपलं.

ऑपरेशनला चार तास लागले. मग काही आठवडे सूज येऊ नये म्हणून दंडांवर घट्ट बाह्या चढवायच्या आणि हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. तिची वेणी तो घालायचा, तीही वाकडी. हात पुन्हा वर जाईल ना, हे दोघांच्याही मनात होतं.

सहाव्या आठवड्यात शिवणीवर चिकटवलेली शेवटची कागदी पट्टी आपोआप सुटली. त्याने चष्मा लावला. काखेपासून कोपरापर्यंत एक लालसर रेघ, आणि टाका एकही नाही! त्याच्या धंद्यात दोरा गेला की अख्खं कव्हर हातात येतं.

"हलू नकोस! दोरा गेलाय!"

दवाखान्यापर्यंत त्याने तिचा दंड दोन्ही हातांनी धरून ठेवला. ती हसत होती, पण धरू देत होती.

"दोरा आतून घातलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोही विरघळत चाललाय. थोड्या दिवसांत काहीच उरणार नाही."

"मग हे धरून कोण ठेवणार?"

"ह्याच की! मी फक्त दोन कडा जवळ आणल्या. जोडलं ते ह्यांच्या अंगाने. तुम्ही वेण्या घालत होतात ना, तेव्हाही काम चालूच होतं. बाई, करा बघू हात वर."

त्याने डोळे मिटून घ्यायचं ठरवलं होतं, पण मिटवेनात. हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. बायकोने ओठ आवळले. मग हात तसाच हळूहळू वर गेला, कानाजवळून, पार डोक्यावर. कातडी सोबत गेली. कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही.

इतके दिवस आपण आजारी माणसाची सेवा करतोय असं त्याला वाटत होतं. आणि ही समोर बसून, चहा पिता पिता, झोपेतसुद्धा, सुईदोऱ्याशिवाय स्वतःला जोडत होती. तो आ वासून बघतच राहिला. उभ्या जन्मात त्याने दुसऱ्याच्या कामाला चांगलं म्हटलं नव्हतं, आणि आता म्हणायचं तर शब्द सापडत नव्हता.

"झालं ना? घेऊ का खाली?" बायकोने विचारलं.

"थांब गं जरा," तो म्हणाला. "मला अजून बघायचंय."