गाडीतली जागा

आखातातल्या अल वक्र्याहून ऑफिसला मी नऊ वर्षं गुरुप्रसादच्या गाडीतून जायचो. महाराष्ट्रात निवडणूक लागली. पाच पक्ष, दोन आघाड्या, आणि माझा पक्ष त्याच्या पक्षाच्या विरोधात. एका सकाळी तो म्हणाला, "नसरुद्दीन, निकालापर्यंत तू मेट्रोने जा. आपलं जमायचं नाही."

गेलो.

निकालात कुणालाच बहुमत मिळालं नाही. मुख्यमंत्रिपदासाठी आमच्या दोघांचे पक्ष एक झाले. कालपर्यंत एकमेकांची आई-बहीण काढणारे टीव्हीवर एकमेकांना पेढे भरवत होते. मी टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी गुरुप्रसाद बिल्डिंगखाली हॉर्न वाजवत होता. "यल्ला, चल, बस. आता आपण एकाच बाजूचे."

"आणि नऊ वर्षं कुठल्या बाजूचे होतो?" मी विचारलं आणि स्टेशनकडे चालू लागलो.