वेशीपर्यंतचा परेरा

लोक म्हणतात, हा मोतीलाल स्वतःची टिमकी फार वाजवतो. वाजवतो! दुसरं कोणी वाजवत असतं तर मी कशाला वाजवली असती? भुसावळपासून धुळ्यापर्यंत सॅक्सोफोन वाजवणारा मी एकटा. त्यातही जाझ वाजवणारा तर एकटाच. पण हे जळगावच्या लोकांना माहीत कसं व्हायचं? त्यांना सॅक्सोफोन म्हणजे पितळेचा हुक्का वाटे. बाजारात एकानं तर सरळ विचारलं होतं, "यात तंबाखू कुठून भरतात?"

म्हणून मी हस्तपत्रकं छापून घेतली. 'खान्देशातील पहिले व एकमेव जाझ सॅक्सोफोन-वादक मास्तर मोतीलाल सुपडू.' खाली माझा कोटातला फोटो. ती पत्रकं मीच वाटायचो, मीच चिकटवायचो. रतिलाल न्हाव्याच्या दुकानात आरशाशेजारी माझी तसबीर लावून घेतली, म्हणजे दाढी होईपर्यंत गिऱ्हाइकाला दुसरीकडे बघायची सोय नाही. सिनेमाचा खेळ सुरू होण्याआधी थिएटरच्या दारात उभा राहून वाजवायचो. चाळीसगावला मेल थांबली की फलाटावर एक गत वाजवून डब्याडब्यांतून पत्रकं द्यायचो. पोलिसानं दोनदा हुसकलं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, "मास्तर, माझ्या पोरीच्या लग्नात वाजवाल का?" याला म्हणतात जाहिरात!

ही विद्या मला भुसावळात मिळाली. माझे वडील सुपडू धुळ्याकडच्या एका गावचे वाजंत्री. गावाबाहेर आमची वस्ती, आणि गावातल्या प्रत्येक लग्नात सनई-संबळ आमच्याच घरचं. मी लहान असतानाच वडील धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या वनाकाकाच्या हाती सनई देऊन रेल्वेत हमालीला लागले. भुसावळला रेल्वेच्या गोऱ्या साहेबांचा क्लब होता. शनिवारी तिथं नाच चाले आणि बँड वाजे. मी तिथं खुर्च्या लावायचो आणि कान लावून ऐकायचो. त्यातला सॅक्सोफोन ऐकला आणि माझं दुसऱ्या कशात लक्षच लागेना. सूर मुद्दाम थोडा उशिरा टाकायचा, टाकल्यावर वाकवायचा, आणि ऐकणारा आता पडणार असं म्हणेपर्यंत सावरून घ्यायचा! तिथल्या एका म्हाताऱ्या वादकानं मला शिकवलं आणि निवृत्त होताना आपलं जुनं वाद्यही दिलं. पुढे मी जळगावला आलो आणि जीवराम बँडवाल्याकडे लागलो.

जीवरामला माझं वाजवणं हवं होतं, माझं नाव नको होतं. त्याच्या बँडच्या ढोलावर त्याचं नाव, पाटीवर त्याचं नाव. मी म्हणायचो, खाली बारीक अक्षरात माझंही टाक. तो म्हणायचा, "बघू."

अडतीस सालच्या वैशाखात तो धावत माझ्या खोलीवर आला. धनसिंग पाटलांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मोठं घर, कापसाचा पैसा, आणि वरपक्ष मुंबईत व्यापार करणारा. पाटलांना मुंबईचाच जाझ हवा होता. जीवरामनं छातीठोकपणे सांगून टाकलं होतं की मुंबईचे मास्तर परेरा येतील.

"कोण परेरा?" मी विचारलं.

"तूच. हॅट घाल, बूट घाल आणि मराठी बोलू नकोस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या नावानं का नाही?"

"खान्देशातला मोतीलाल जाझ वाजवतो म्हटल्यावर पाटील मला दारात तरी उभं करतील का? आधी वाजव. लग्न लागलं, लोक खूश झाले, की मांडवात मी स्वतः सांगतो, हे परेरा नाहीत, आपले मोतीलाल आहेत. मग बघ कसा नाव काढतोस."

हे मात्र मला पटलं. नव्हे, भूलच पडली. भरल्या मांडवात, मुंबईच्या पाहुण्यांसमोर माझं नाव! मी पत्रकांचा गठ्ठा सॅक्सोफोनच्या पेटीत तळाशी घातला. मग गावाचं नाव ऐकलं आणि चमकलो. ते आमचंच गाव होतं.

मी जीवरामला लगेच सांगितलं, "त्या गावात बाहेरचा बँड न्यायचा तर आधी गावच्या वाजंत्र्याला मान द्यावा लागतो. नारळ आणि पागोटं. त्याशिवाय वेशीच्या आत कोणी वाजवत नाही. तिथला वाजंत्री माझा काका आहे, आधी माणूस पाठव."

जीवराम हसला. "अरे, आगगाडीच्या जमान्यात कसलं नारळ-पागोटं! पाटील आपल्या बाजूला असल्यावर वाजंत्री काय करणार?" शहरात वाढलेला माणूस. वेस म्हणजे त्याला नुसती दोन बुरजांमधली वाट वाटली.

लग्नाच्या दिवशी वरपक्षाचा जानोसा गावाबाहेर जिनिंगच्या मोठ्या छपरात होता. मी हॅट-बुटात उतरलो. धनसिंग पाटील जातीनं पुढे आले. "आईये साहब, बैठिये," म्हणून त्यांनी मला खुर्ची दिली. कपबशीतून चहा आला. ज्या माणसाच्या घराची पायरी माझा बाप कधी चढला नाही, तो मला विचारत होता, "साहब, शक्कर बराबर है?" मला हसू येत होतं आणि चीडही येत होती. बराबर है, म्हटलं.

मग मी वाजवलं. असं वाजवलं की वरबाप लोडावरून उठून बसला. "वाहवा! मुंबईतसुद्धा असं ऐकायला मिळत नाही," तो म्हणाला आणि तीच गत पुन्हा वाजवायला लावली. पाटलांचा चेहरा फुलला. जीवरामनं मला डोळा घातला. मांडव फार लांब नव्हता, आणि माझं नावही.

ऊन कलल्यावर नवरदेव घोड्यावर बसला आणि मिरवणूक निघाली. पुढे मी आणि बँड, मागे नवरदेव, त्याच्याही खूप मागे, अजून जिनिंगपाशीच रेंगाळणाऱ्या बैलगाड्यांतून वरबाप आणि पाहुणे. वेशीपाशी पोचलो तर मधोमध एक म्हातारा उभा. हातात सनई, शेजारी संबळवाला.

"ये भो, आठेच थांब! मान दिधाबिगर वेसना आत वाजाडानं नही."

वनाकाका. पार वाळला होता, पण आवाज तोच. जीवराम पुढे सरसावला. "बाजूला हो म्हाताऱ्या, मुहूर्त टळेल."

"टळू दे. हाऊ मान मना आजानपाईन मना घरना शे. भीक नही मांगी राह्यनू."

पाटील धावत आले. पण गावात पाटील झाला तरी लग्नाच्या दिवशी वाजंत्र्याला वेशीतून ढकलून देणं त्यांनाही जमण्यासारखं नव्हतं. भर लग्नात वाजंत्र्याचा तळतळाट कोण घेणार? बाया कुजबुजायला लागल्या. आत्ता नारळ मिळेल, पण कोरं पागोटं आणायचं कुठून? आहेराची तर पाहुण्यांच्या नावानं मोजून आणलेली, जास्तीचं धुळ्याच्या दुकानात. घोडा पाय आपटत होता. काका हलायला तयार नव्हता, आणि का हलावं त्यानं? आजापासून चालत आलेला त्याचा हक्क होता. तेवढा एकच तर होता.

गाठ सोडवणं माझ्या हातात होतं. जीवरामनं ते ओळखलं आणि माझ्या कानाशी आला. "तोंड उघडू नकोस. मांडवात सांगतो म्हटलंय ना?"

पण समोर माझ्या बापाचा सख्खा भाऊ उन्हात उभा होता, आणि मी त्याच्यापुढे हॅट घालून परका साहेब बनून उभा. लाज वाटली मला. कोणाची म्हणून विचारू नका, सगळ्यांचीच. मी हॅट काढली.

"काका, मी सुपडूना मोतीलाल."

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. जवळ आला, माझी हनुवटी धरली. "सुपडूना आंडोर? तू?" आणि मग त्यानं अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "आरे, हाऊ आपलाच शे! मना पुतन्या मोतीलाल शे! मान घरमाच शे, चाला, वाजाडा!"

त्याचा आनंद खरा होता. त्यानं माझं नाव सांगितलं ते अभिमानानं. जन्मात पहिल्यांदा माझी जाहिरात दुसऱ्यानं केली, आणि तिथंच माझं सगळं मातीत गेलं.

पाटलांचा चेहरा उतरला. त्यांची हिंदी पळाली. "वाजंत्रीना पोऱ्या शे तू?" ते दात खाऊन म्हणाले. "मन्हा हातना चहा पिधा तू? बूट काढ. कोट काढ. वेसना आत बूट घालीसन जाशी का?"

मी जीवरामकडे पाहिलं. आता तरी बोल, म्हटलं मनात. तो ढोलाची दोरी आवळत बसला. बोलला तो एवढंच, "पुढच्या हंगामाचा विचार कर."

सॅक्सोफोन तिथंच पेटीत घालून चालू पडावं असं आलं होतं मनात. पण माझ्यामागे गाव काकाला सोडणार नव्हतं. मी तर जळगावला जाणार, तो तिथंच राहणार. मी कोट काढला, बूट काढले. वैशाखातल्या तापलेल्या मातीत पाय ठेवला आणि ठरवलं, बूट माझे काढलेत ना, ओठ तर नाही काढता येणार!

आम्ही दोघं वाजवत वेशीतून आत गेलो. काकाच्या सनईनं मंगल धून धरली. मी तिच्या मागे थोडा उशिरा शिरलो, सूर वाकवला, तिला वळसा घातला. काकानं चमकून पाहिलं आणि सनई आणखी वर नेली. मीही गेलो. भुसावळच्या क्लबात शिकताना, जळगावच्या थिएटरच्या दारात, कुठंच मी तसं वाजवलं नव्हतं. हे मी माझी टिमकी वाजवायची म्हणून सांगत नाही. खरं म्हणून सांगतो.

मांडवात व्यासपीठाशेजारी साहेबासाठी ठेवलेली खुर्ची माझ्या डोळ्यांदेखत उचलून नेली. मला बाहेरच्या खांबाशी उभं केलं. मागून पाहुणे पोचले आणि वरबाप इकडेतिकडे बघत म्हणाला, "परेरासाहेब कुठं आहेत?"

पाटील क्षणभरही अडखळले नाहीत. "त्यांना मुंबईहून तार आली. वेशीपासून परतले. हा आमच्या गावचा पोरगा आहे, चालवून घ्या."

मी जानोशात वाजवलेली तीच गत सुरू केली. तेच वाद्य, तीच फुंक. म्हटलं, आता तरी ओळखेल. वरबापानं जरा ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "नक्कल करतोय बिचारा. पण ती गोडी नाही." शेजारचे पाहुणे माना हलवून हो हो म्हणाले. ज्यांनी पुन्हा वाजवा म्हणून आग्रह केला होता, तेच!

लग्न लागल्यावर मी पेटीतून पत्रकं काढली आणि अनवाणीच वाटायला निघालो. झुंबरबाई म्हणून पाटलांची बहीण होती, तिनं गठ्ठाच माझ्या हातून घेतला. वाटलं, बरी बाई आहे. तिनं तो आचाऱ्याकडे दिला आणि त्या कागदांवर पोराटोरांना बुंदी वाटली. माझ्या फोटोवर!

महिन्याभरानं मी रतिलालच्या दुकानात माझ्याच तसबिरीखाली बसलो होतो. बोदवडचे एक कापूसवाले शेठ जीवरामकडून चौकशी करत तिथं आले. मुलाचं लग्न काढलं होतं.

"मास्तर, तुम्ही या धंद्यातले. त्या परेरासाहेबाचा पत्ता द्या. धनसिंग पाटलांकडे मी होतो. काय वाजवलं हो त्यानं जानोशात! वेशीपासून पुढे कोणी तरी गावठी माणूस लागला, आणि साऱ्या लग्नाचा विचका झाला. जमीन-अस्मानाचा फरक."

"शेठ," मी म्हटलं, "तो परेरा मीच होतो. आणि तो गावठीही मीच."

शेठ रतिलालकडे बघून मोठ्यानं हसले. "ऐकलंस? या माणसाची जाहिरातीची खोड मेल्याशिवाय जायची नाही! फलाटावर काय, थिएटरात काय, आता दुसऱ्याचं नावही लाटायला निघाला." रतिलालही हसला. ज्याच्या भिंतीवर मी टांगलेलो, तो!

मी सॅक्सोफोन काढून तिथंच वाजवून दाखवणार होतो. पण वाजवलं तरी ते काय म्हणाले असते, ते मला आधीच माहीत होतं. नक्कल करतोय बिचारा.

शेठनी पुढ्यात सुपारी ठेवली. "परेराला द्या. म्हणावं, आमचं काम पक्कं धर."

मी सुपारी त्यांच्याकडे परत सरकवली. म्हटलं, "परेरा वारला, शेठ. त्या लग्नातून परतताना उन्हानं पडला."

शेठचा चेहरा खरोखर उतरला. ते मटकन बाकावर बसले. "अरेरे! असा कलावंत! खान्देशात येऊन मेला आणि आम्हाला पत्ताही नाही. कोणी अंत्ययात्रेला तरी गेलं होतं का हो?" त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. रतिलालनं हातातला वस्तरा थांबवला. दोघं माझ्यासमोर बसून परेरासाठी हळहळत राहिले.

थोड्या वेळानं शेठ उठले. मी म्हटलं, "शेठ, मग तुमच्या लग्नात मी वाजवतो."

"बघू," ते म्हणाले आणि सुपारी उचलून खिशात टाकून निघून गेले.