बर्फासकट दोनशे ग्रॅम

"एवढ्याशा तुकड्यावर माणूस जगतो की मांजर?" आजी माझ्या कानाशी पुटपुटली. तिला वाटतं, काट्याला कान नसतात.

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. काचेचा चपटा चेहरा, पोटात दोन सेल, एका कोपऱ्याला टवका. कारखान्यात माझी परीक्षा झाली तेव्हा एका ग्रॅमचीही चूक निघाली नव्हती. त्याच तोऱ्यात मी या घरी आलो. वर्षभर केकचा मैदा मोजला, वाहवा मिळवली. मग घरातली केकची हौस फिटली आणि मी मिक्सरमागे धूळ खात पडलो.

माझं नशीब उघडलं ते आईच्या डॉक्टरांमुळे. आई बस चालवते. "साखर वाढली आहे. तीन महिन्यांत सहा किलो उतरवा, नाहीतर स्टिअरिंग विसरा," असं त्यांनी तिला बजावलं. स्वयंपाक बाबांकडे. त्यांनी कंबर कसली, वही आणली, रकाने आखले. फ्रीझरमधला दगडासारखा मासा काढायचा आणि तसाच माझ्या डोक्यावर ठेवायचा. "दोनशे ग्रॅम! बरोब्बर!" मग पाकिटावर बघून कॅलरी लिहायच्या. कोळंबीचंही तेच. मला हुडहुडी भरायची, पण मान केवढा!

आईला एकटं वाटू नये म्हणून सगळ्यांना तेवढंच वाढलं जाई. आजीने उशीखाली बिस्किटं लपवली. ताई मैत्रिणीकडे 'अभ्यासाला' जाऊन जेवून येऊ लागली. आई ताट चाटूनपुसून म्हणे, "पोट भरलं हो." बाबा इतक्या मायेने मोजत होते, की कुणाची जीभ रेटेना.

परवा आईच्या सुट्टीच्या दिवशी मासा माझ्यावर ठेवला आणि बाबांचा फोन वाजला. बोलणं लांबलं. माझ्या काचेवरून पाण्याचे ओघळ ओट्यावर उतरू लागले. दोनशे... एकशे ऐंशी... एकशे पन्नास.

"बाबा, मासा आईच्या आधी बारीक झाला!" ताई ओरडली.

बाबांनी पाकीट उलटं केलं. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : सर्व आकडे बर्फाचा थर वगळून.

"म्हणजे रोज पाव हिस्सा मी बर्फच मोजला?" ते मटकन स्टुलावर बसले.

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. बर्फासकट ठेवाल, तर बर्फासकट सांगेन. म्हणून वरचा बर्फ धुवा, मासा टिपून घ्या, माझी काच कोरडी करा, मगच मला विचारा. आणि माझा आकडा वाचून झाला, की समोरच्याच्या तोंडाकडेही एकदा बघत जा.

बाबांनी तेच केलं. आईकडे नीट पाहिलं. "खरं सांग, पुरत होतं का गं?"

आजीने छताकडे पाहिलं, ताईने नखांकडे.

आई आधी हसली. "वही इतकी सुरेख आखलीत, म्हणून गप्प होते. पण भूक लागते हो मला. रोज. शेवटच्या फेरीला स्टिअरिंगवर हात थरथरतात."