मनकर्णेचं स्वागत

सत्तावीस वर्षं झाली, आमच्या चर्चमध्ये नवीन माणसाचं स्वागत मीच करते. रविवारी उपासनेत सूचना संपल्या की पाळकसाहेब माझ्याकडं बघतात. मी नवीन माणसाला पुढं आणते, माइक देते, नाव-गाव विचारते, गळ्यात हार घालते. मंडळी टाळ्या वाजवत गाणं म्हणते आणि सेक्रेटरी मधुकरभाऊ मोबाइलवर फोटो काढून स्टेटसला लावतात. बऱ्हाणपुरात आमची जेमतेम चाळीस घरं. वर्षाकाठी चार-पाच नवीन माणसं येणार, त्यांना परकं वाटू नये एवढंच माझं म्हणणं. मी पडले शाळेतली बाई, हजेरी घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही.

यंदा उन्हाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तीन रविवार घरी बसले. चौथ्या रविवारी काळा चष्मा लावून गेले, तर बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर एक अनोळखी बाई. तिशीची असेल, डोक्यावर पदर, मान खाली. शेजारच्या वंदनाला विचारलं.

"तीन आठवडे येतेय," वंदना म्हणाली. "प्रार्थनेत रडते आणि उपासना सुटायच्या आत निघून जाते."

"आणि कोणी नावसुद्धा विचारलं नाही?"

"तुम्ही नव्हता ना, बाई."

झालं, माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी नसले तर या लोकांच्या हातून एक काम होईल तर शपथ. आजाऱ्याला भेटायला कोण जातं? मी. नाताळची वर्गणी मागत दारोदार कोण फिरतं? मीच. दमले होते, खरंच दमले होते, आणि दमले की माझा आवाज चढतो. सूचना संपल्या तशी उठले आणि त्या बाईचा हात धरून तिला पुढं आणलं. ती "नको, नको" म्हणत होती. तसं तर सगळेच म्हणतात.

"मनकर्णा," ती माइकमध्ये म्हणाली. "चांदनीची."

"कुणाच्या घरच्या?"

"समाधान पाटलाच्या."

"आणि इकडं कशा काय आलात?"

तिनं पदर आणखी पुढं ओढला. लाजली असेल, असं मला वाटलं. हार घातला, गाणं झालं, फोटो निघाला. त्या दुपारी मी घरी जाऊन निवांत झोपले.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी मधुकरभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, त्या चांदनीवालीचा दीर इथंच बुधवारा बाजारात कापडाच्या दुकानात असतो. माझी जानपछान आहे. त्यानं माझं स्टेटस बघितलं. विचारत होता, आमची वहिनी तुमच्याकडं काय करत होती?"

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार? फोटोच होता ना."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं चांदनीला गेले. तिची माफी मागायची, एवढंच मनात होतं. आपण गेल्यानं तिला आणखी त्रास होईल, हे स्टेशनावर उतरल्यावर सुचलं. माझी अक्कल नेहमी अशीच मागून येते. परतीच्या गाडीला वेळ होता आणि पाय दुखत होते. विचारत विचारत घर गाठलं.

सासू ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत उभी राहिले.

"ऊन लई आहे. बसा पहिले," ती म्हणाली.

तिनं पाणी दिलं, वर गुळाचा खडा दिला, मग चहा टाकायला आत गेली. तू कोण, कुठली, कशाला आलीस, काहीही विचारलं नाही. मी मात्र ती आता विचारेल, मग विचारेल, म्हणून घाबरून बसले होते. भिंतीवर आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा फोटो होता, त्याला हार घातलेला. तेवढ्यात मनकर्णा चाऱ्याचा भारा घेऊन आली आणि मला बघून पांढरीफटक पडली.

"तुह्या वळखीच्या का?" सासूनं विचारलं.

"बाजारात भेटतात," मनकर्णा म्हणाली.

"मंग जेवूनच जाऊ दे त्यायले."

जेवून निघाले. मनकर्णा मला रस्त्यापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हटलं, "चुकलं माझं."

"तुमचं मन चांगलं होतं, बाई." ती चालता चालता बोलत होती. "पोरगी गेली वर्षापूर्वी, तापानं. मी रडली की सासूबाई रडतात. त्या रडल्या की हे जेवत नाहीत. म्हणून घरात आता कोणीच रडत नाही. बाजाराच्या निमित्तानं मी तुमच्याकडं यायची. तिथं का रडते म्हणून कोणी पुसत नव्हतं."

मला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

"आता हे म्हणतात, घरात काय कमी होतं? मी काय सांगू त्यायले?"

"परत येशील?"

"आली तर मले वळखू नका," ती म्हणाली आणि मागं फिरली.

चर्चच्या पंचकमिटीत मी म्हटलं, स्वागत बंद करा. दोन तास वाद झाला. मधुकरभाऊ म्हणाले, अशानं लोकांना परकं वाटेल. माझंच वाक्य मला ऐकवत होते आणि माझ्यात भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. शेवटी ठरलं, माइक नाही, फोटो नाही. ज्याला बोलावंसं वाटेल तो उपासनेनंतर चहाला थांबेल. कित्येक रविवार कोणीच थांबलं नाही. लोक म्हणू लागले, बाई थकल्या, मंडळीही थंड पडली. खोटं नव्हतं ते.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी, प्रार्थना सुरू झाल्यावर मागचं दार हळूच उघडलं. बांगड्या वाजल्या, शेवटचं बाक करकरलं. वंदनानं मला कोपरानं ढोसलं. पुरुषांच्या बाजूनं मधुकरभाऊ माझ्याकडं बघून भुवया उडवत होते, सांगायचं का पाळकसाहेबांना? मी मान हलवली, नाही.

थोड्या वेळानं मागून हुंदका आला. उठून तिच्याजवळ जावं, पाठीवर हात ठेवावा, नुसतं बघावं तरी, असं फार वाटलं. मी डोळे मिटून समोर तोंड करून बसले आणि तिला रडू दिलं.